दहा हजारांत बसेल असा फोन सांग

गेल्या रविवारी सकाळी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सिन्नर तालुक्यात राहते. दोन एकर जमीन, थोडा कांदा, थोडं सोयाबीन आणि दोन गाई. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊसपाण्याची चौकशी झाली आणि मग मूळ मुद्दा आला.

"तुला मोबाईलातलं कळतं. दहा हजारांत बसेल असा एक फोन सांग बरं. हा आता काही चालू नाही राहिला."

घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की तो आपोआप सगळ्या खानदानाचा मोबाईल सल्लागार होतो. मंडळी, मी आयुष्यात कधी मोबाईल बनवलेला नाही. मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. पण नात्यातल्या कातडीच्या डॉक्टरला जसं सगळे गुडघेदुखीचं औषध विचारतात, तसंच हे. एरवी मी दोन मिनिटांत एखादं मॉडेल सांगून मोकळा होतो. या वेळी मात्र "बघून सांगतो" म्हटलं आणि फोन ठेवला.

कारण असं की, मावशीला पहिला स्मार्टफोन मीच निवडून दिला होता.

ही गोष्ट २०२० सालची. शाळा बंद झाल्या, जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि मावशीच्या नातीला फोन लागला. घरात बटणांचा एक फोन, आणि मावसभाऊ कंपनीत जाताना त्याचा फोन घेऊन जायचा. मी मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. एक्सेल शीट उघडली, अकरा फोन, सात कॉलम. रॅम, स्टोरेज, कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर, स्क्रीन, किंमत. प्रत्येक कॉलमला गुण दिले आणि साडेसात हजारांत सगळ्यात जास्त गुण मिळवणारा फोन निवडला. ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीपेक्षा माझीच जास्त होती. शीट बघून मी स्वतःवरच खूश झालो होतो हे आज कबूल करतो.

फोन वीस महिने बरा चालला. मग रडायला लागला. ३२ जीबीतली बरीचशी जागा सिस्टीमनेच खाल्लेली, उरलेल्यात शाळेच्या पीडीएफ, गुरुजींचे व्हिडिओ आणि सगळ्या भावकीचे गुड मॉर्निंग. अपडेट म्हणाल तर सुरुवातीला एक-दोन आले आणि नंतर कंपनीने पाठच फिरवली. पुढे बँकेचं अ‍ॅप म्हणायला लागलं की तुमच्या फोनवर मी चालणार नाही.

पण खरा दणका बसला तो ई-पीक पाहणीच्या वेळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवरून करायची अशी पद्धत सुरू झाली. शेतात उभं राहायचं, अ‍ॅप उघडायचं, पिकाचा फोटो काढायचा, त्याबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात आणि पीक सातबाऱ्यावर चढतं. कल्पना चांगली आहे. पण तिचं गृहीतक असं आहे की शेतकऱ्याच्या हातात एक धड चालणारा फोन आहे.

मुदत संपायला दोन दिवस होते. मावशी सोयाबीनच्या वावरात उभी, आणि फोन सांगतो जागा शिल्लक नाही. "फोटो निघूच नाही राहिला रे," म्हणून तिने मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. घाईत सांगितलं, जुने फोटो उडव. तिने उडवले. नोंद झाली. त्या जुन्या फोटोंत काका जाण्याआधीच्या दिवाळीचे फोटो होते, हे मला महिन्याभराने कळलं. मावशी त्याबद्दल मला एक शब्द बोलली नाही. बॅकअप लावून द्यायचा राहिला होता, आणि तो लावून देणं हे माझं काम होतं. माझ्या सात कॉलममध्ये "बॅकअप" नव्हता आणि "हा फोन किती वर्षं चालेल" हाही कॉलम नव्हता.

तर आजचा विषय हा. स्वस्त फोन कसा निवडावा, आणि तो निवडणं इतकं अवघड का आहे.

आधी साधा हिशोब करू. साडेसात हजारांचा फोन वीस महिने नीट चालला, म्हणजे महिन्याला ३७५ रुपये पडले. समजा साडेतेरा हजारांचा फोन पाच वर्षं चालला, तर महिन्याला २२५ रुपये. स्वस्त कुठला? किमतीला महिन्यांनी भागलं की उत्तर उलटं येतं. आपण चप्पल घेतानाही हा विचार करतो. "थोडी महाग घे पण टिकाऊ घे" हे वाक्य ऐकत आपण सगळे मोठे झालोय. फोनच्या बाबतीत तो करता येत नाही, कारण भागाकारातला खालचा आकडाच आपल्याला कुणी सांगत नाही. किंमत बॉक्सवर छापलेली असते. आयुष्य नसतं.

आणि हो, तुम्ही म्हणाल की साडेतेरा हजार एकदम काढायला असते तर मावशीने दहा हजारांचा फोन मागितलाच कशाला असता? बरोबर आहे. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्यालाच महिन्याला जास्त पैसे मोजावे लागतात, हा या धंद्यातला सगळ्यात वाईट भाग आहे. त्यात करही आहे. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. दहा हजारांच्या फोनमध्ये साधारण दीड हजार रुपये कराचे असतात. ई-पीक पाहणी मोबाईलवर, लाडक्या बहिणीची ई-केवायसी ऑनलाइन, बँक मोबाईलवर. म्हणजे जी वस्तू नसेल तर सरकारी कामं अडतात, तिच्यावर चैनीच्या वस्तूसारखा कर. हे मला पटत नाही.

स्वस्त फोनचं स्वप्न आपल्याकडे नवीन नाही. २०११ च्या ऑक्टोबरात आकाश टॅबलेट आला. फोन नव्हे, पण जात तीच. सव्वादोन हजारांच्या आसपास किंमत, आणि टचस्क्रीन अशी की बोटाने दाबून दाबून दमायचं. २०१४ च्या सप्टेंबरात गुगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांच्याबरोबर अँड्रॉइड वन आणलं, ६,३९९ रुपयांपासून. माझ्या मते यातली कल्पना सगळ्यात शहाणी होती, कारण हार्डवेअर स्वस्त असलं तरी अपडेट थेट गुगलकडून देण्याचा वायदा त्यात होता. फोन मात्र फारसे खपले नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांच्या फोनची जाहिरात आली. लोक तुटून पडले, वेबसाइट झोपली, आणि पुढच्या वर्षी फसवणुकीच्या तक्रारीवरून त्या कंपनीच्या संचालकाला अटक झाली. २०१७ मध्ये जिओफोन आला, १,५०० रुपये अनामत भरून. तो स्मार्टफोन नव्हता, पण जेवढं सांगितलं तेवढं करायचा. २०२१ च्या दिवाळीत ६,४९९ रुपयांचा जिओफोन नेक्स्ट आला.

या सगळ्या जाहिराती आठवून बघा. प्रत्येकीत किंमत मोठ्या अक्षरात होती. "किती वर्षं" हा शब्द अँड्रॉइड वनचा अपवाद सोडला तर कुठेच नव्हता.

माझी चूक एका फोनपुरती होती. तीच चूक अख्ख्या राज्याने केली, ती अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत. २०१९ मध्ये राज्यातल्या सेविकांना कामासाठी सरकारी स्मार्टफोन मिळाले. २ जीबी रॅमचे. मुलांची वजनं, उंची, आहार, गरोदर मातांच्या नोंदी, सगळं त्या फोनवर भरायचं. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे नवीन अ‍ॅप आलं. म्हणजे फोन जुन्या कामाच्या मापाचा आणि अ‍ॅप नवीन. फोन तापायचे, अडकायचे, वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या गळ्यात. वर अ‍ॅप इंग्रजीत. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी मोबाईल वापसी आंदोलन केलं आणि फोन चक्क सरकारला परत केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हाही मागण्यांमध्ये नवा चांगला मोबाईल होताच.

या आंदोलनाच्या बातम्या वाचताना तेव्हा शहरातले काही लोक म्हणत होते की फुकट मिळालेला फोनही यांना नको. मला मात्र माझी एक्सेल शीट आठवली. खरेदी करणाऱ्याने किंमत बघितली, आकडे बघितले, आणि ज्या बाईला रोज तो फोन वापरायचाय तिला विचारलं नाही की बाई, तुम्ही यावर नक्की काय काय करणार? आणि दोन वर्षांनी काम वाढलं तर काय, हाही प्रश्न कुणी विचारला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनाही मी यातून सोडणार नाही. आम्ही १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अ‍ॅप लिहितो, महागड्या फोनवर तपासतो आणि "चालतंय की" म्हणून पाठवून देतो. ते कुणाच्या २ जीबीच्या फोनवर चालणार आहे हे आम्हाला दिसत नाही. माझ्या टीममध्ये आता एक जुना स्वस्त फोन मुद्दाम ठेवलाय. आधी त्यावर चालवून दाखवायचं, मगच पुढे. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची तोंडं पडली :-)

आता बॉक्सवरच्या आकड्यांबद्दल थोडं, कारण ते खोटे नसले तरी दिशाभूल नक्की करतात.

पहिला रॅमचा. हल्ली बॉक्सवर "८ जीबी" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "४+४". यातले चार खरे. उरलेले चार म्हणजे स्टोरेजमधली जागा रॅम म्हणून वापरणं. असं समजा की रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे माळा. ओट्यावर जागा नाही म्हणून निम्मी भाजी माळ्यावर चढून चिरायची, असा हा प्रकार. जागा वाढली हे खरं, पण दर वेळी शिडी लावावी लागते. खरी ४ जीबी रॅम सध्या अगदी किमान समजा. ६ मिळाली तर उत्तम.

दुसरा स्टोरेजचा. ६४ की १२८ हे सगळे विचारतात. ते कुठल्या जातीचं आहे हे कुणी विचारत नाही. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी जातीचं स्टोरेज असतं, जरा वरच्यात यूएफएस. ईएमएमसी म्हणजे एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल असा गावाकडचा फरशी पूल. वाचणं चालू असेल तर लिहिणं थांबतं. यूएफएसवर दोन्ही एकाच वेळी चालतं आणि वेगही तीन-चार पट असतो. नवा असताना दोन्ही फोन सारखेच वाटतात. वर्षभराने स्टोरेज भरत आलं की फरक कळतो. मावशीचा फोन "अडकत" होता तो प्रोसेसरमुळे नाही, या पुलावरच्या ट्रॅफिकमुळे.

तिसरा कॅमेऱ्याचा. मागे तीन गोल दिसतात म्हणून तीन कॅमेरे समजू नका. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये एक खरा असतो, बाकीचे शोभेचे. काही फोनच्या माहितीपत्रकात दुसऱ्या लेन्सपुढे ०.०८ मेगापिक्सेल असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

चौथा ५जीचा. बॉक्सवर ५जी लिहिलं म्हणजे आपल्या सिमवर ५जी मिळेलच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रेडमी ए४ ५जी हे चांगलं उदाहरण. साडेआठ हजारांच्या आत ५जी म्हणून गाजला. पण तो फक्त स्टँडअलोन प्रकारचं ५जी पकडायचा. जिओचं ५जी त्या प्रकारचं, एअरटेलचं तेव्हा ४जीच्या आधारावर चालणारं. म्हणजे एअरटेलवाल्याला हा ५जी फोन ४जीच. फोन वाईट होता असं नाही, पण घेणाऱ्याला हे दुकानात कुणी सांगितलं असेल का?

त्यात २०२५ च्या शेवटापासून मेमरीच्या चिप महागल्या. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, चिप बनवणाऱ्यांना तिकडे जास्त पैसे मिळतात, आणि त्याची झळ सगळ्यात स्वस्त फोनला बसते, कारण त्याच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा असतो. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कुणाला चॅटबॉटशी गप्पा मारायच्यात आणि सिन्नरच्या मावशीला दोन जीबी कमी मिळणार. जागतिकीकरण वगैरे म्हणतात ते हेच असावं.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा, जो बॉक्सवर नसतो. सुरक्षा अपडेट कधीपर्यंत. लोकांना वाटतं अपडेट म्हणजे नवे आयकॉन आणि नवे वॉलपेपर. तसं नाही. दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या चोरवाटा सापडतात आणि बुजवल्या जातात. ज्या फोनचे अपडेट थांबले त्याच्या चोरवाटा उघड्याच राहतात, आणि त्याच फोनमध्ये आपलं बँक खातं असतं. शिवाय एखाद्या अ‍ॅपने ठरवलं तर ते गुगलमार्फत फोनची परीक्षा घेऊ शकतं, आणि त्यातली सगळ्यात कडक परीक्षा नव्या अँड्रॉइडवर पास व्हायला गेल्या वर्षभरातला सुरक्षा अपडेट लागतो. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वर व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं. फोन हातात धडधाकट असतो पण एकेक दार बंद होत जातं.

आणि हे अपडेट देणं स्वस्त फोनला परवडतच नाही, असं मानायचं कारण नाही. सॅमसंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जीला सहा वर्षांचे अपडेट जाहीर केले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारांच्या आतल्या एफ०६ ५जीला चार वर्षांचे. (मी सॅमसंगचा माणूस नाही. माझा स्वतःचा फोन दुसऱ्याच कंपनीचा आहे.) एक बारकावा लक्षात ठेवा. ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळालं, तर त्याची दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. औषधाच्या पाकिटावर असते तशी फोनच्या बॉक्सवर तारीख छापा. "या फोनला सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक सालापर्यंत मिळतील." एक ओळ. आपल्याकडे बॉक्सवर एमआरपी, महिना-साल, तक्रारीसाठीचा पत्ता हे सगळं वजनमापाच्या नियमांनुसार छापावंच लागतं. त्यात एक ओळ वाढली तर कंपन्या बुडणार नाहीत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून किमान किती काळ सुरक्षा अपडेट देणार हे जाहीर करणं सक्तीचं आहे. युरोपियन युनियन तर आणखी पुढे गेलं. २० जून २०२५ पासून तिथे मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. आपल्या सरकारलाही मोबाईल कंपन्यांना नियम लावता येत नाहीत असं नाही. २०१७ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं केलं, आणि कंपन्यांना ते द्यावं लागलं. सक्तीचे अपडेट नंतर बघू. आधी नुसती तारीख तर सांगा.

असो. भाषण पुरे. काल शनिवारी मावशी नाशिकला आली आणि आम्ही एम.जी. रोडला गेलो. जाताना मी खिशात चार मॉडेलची यादी घेऊन गेलो होतो. या वेळी शीटमध्ये अपडेटचा कॉलम होता, स्टोरेजची जात होती, सगळं होतं. दुकानातल्या पोराने एक फोन पुढे केला आणि सुरुवात केली, "मावशी, यात एआय कॅमेरा आहे."

"उन्हात दिसतं का?" मावशीने विचारलं.

पोरगं गडबडलं. मीही गडबडलो. मावशी दोन फोन हातात घेऊन सरळ दुकानाबाहेर रस्त्यावर. पोरगं मागे पळालं, त्याला वाटलं बाई फोन घेऊन चालली. भर दुपारच्या उन्हात तिने दोन्ही फोन शेजारी धरले. माझ्या यादीतला पहिल्या नंबरचा फोन उन्हात काळाठिक्कर. काहीही दिसेना. दुसऱ्यावर निदान अक्षरं वाचता येत होती. ई-पीक पाहणी एसी केबिनमध्ये नाही, वावरात करतात, हे मला चार वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

मग तिने रिंग वाजवून बघितली, कारण गोठ्यात असताना ऐकू आली पाहिजे. मग विचारलं, ओल्या हाताने चालतो का. मग बोटाचा ठसा लावून बघितला. तीनदा लावला, तीनदा नाही म्हणाला. "माझे ठसे रेशनच्या मशिनवर पण नाही उठत," ती म्हणाली. आयुष्यभर माती आणि शेण काढून बोटं गुळगुळीत झाल्यावर फिंगरप्रिंट सेन्सर काय करणार? म्हणजे मी ज्या सोयीला शीटमध्ये पाच गुण दिले होते, तिची मावशीला किंमत शून्य. शेवटचा प्रश्न तिने पोराला विचारला, "काच फुटली तर सिन्नरला बसवून मिळते का, का दर वेळी नाशिकला यायचं?"

चार मॉडेलपैकी तिच्या पाच प्रश्नांतून एक उरलं. तो फोन बारा हजारांना पडला. चार्जर बॉक्समध्ये होता, नाहीतर आणखी खर्च. वरचे दोन हजार मी देतो म्हटलं तर ती ऐकेना. शेवटी "कांद्याचे पैसे आले की देते" यावर तह झाला. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सहा महिन्यांनी ते बाजारात नसेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. प्रश्न मात्र तेच राहतील. वापरणाऱ्यालाच दुकानात न्या आणि तो कुठे, कशासाठी वापरणार ते त्याला करून बघू द्या. तुम्ही फक्त चार गोष्टी बघा: अपडेट कधीपर्यंत, खरी रॅम किती, स्टोरेज १२८ आणि शक्यतो यूएफएस, आणि दुरुस्ती जवळ कुठे होते.

बजेट अजिबात वाढत नसेल तर स्वस्त नव्यापेक्षा चांगला जुना फोन परवडू शकतो, अपडेटची एक-दोन वर्षं शिल्लक असतील तर. फक्त तो चोरीचा नाही ना हे बघा. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ ला एसएमएस केला की फोनची कुंडली येते. संचार साथीच्या साइटवरही हे तपासता येतं. दुकानदार तपासू देत नसेल तर तिथून निघा.

घरी आल्यावर या वेळी सगळ्यात आधी फोटोंचा बॅकअप लावला. मग कंपनीच्या साइटवरून अपडेटची तारीख शोधली. ती सापडायला मला, रोज कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला, पंचवीस मिनिटं लागली. ती बॉलपेनने बॉक्सच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिली: एप्रिल २०३०.

"हे काय लिहिलं?" मावशीने विचारलं.

"याची एक्स्पायरी. तोवर काळजी नाही. मग बदलायचा."

तिने बॉक्स उलटा-सुलटा करून बघितला. एमआरपी वाचली, खालची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला.

"मग कंपनीनं का नाही छापली?"